दोन वितींची वही

शिरवण्याच्या शांतीला कुणी विचारलं, "तुमी मंडळात काय करता ओ?" तर ती म्हणायची, "मी काय करनार? मी आपली चा करते." साफ खोटं! चहा सून करायची. शांती काय करायची ते पंचक्रोशीतल्या प्रत्येक गाईला माहीत होतं, फक्त माणसांच्या तोंडी ते कधी आलं नव्हतं.

मंडळ म्हणजे भजनी मंडळ नव्हे बरं का. हे गाईंचं मंडळ. कपिला ही आपल्या कोकणपट्टीची गाय. अंगानं लहान, खुरानं घट्ट, पावसात आठ दिवस भिजली तरी शिंकणार नाही. पण दूध घरापुरतं. मग जो तो जास्त दुधाची परकी गाय आणायला धावला आणि कपिलेच्या वंशाची पार खिचडी झाली. सव्वीस वर्षांपूर्वी शांतीच्या नवऱ्यानं, बाळाराम मढवीनं, चार डोकी गोळा करून 'कपिला वंश मंडळ' काढलं. आज शिरवणे, पावणे, पनवेल, उरण, पेण धरून एकशे बारा घरं सभासद आहेत. शेतं गेली, त्यांवर टॉवर आले, पण घरामागच्या पडवीत दोन गाई बांधणारे वेडे अजून शिल्लक आहेत. पगार कुणाला नाही, भत्ता नाही. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय!

बाळाराम पहिल्या दिवसापासून अध्यक्ष. न्हावा शेव्याला कंटेनरची सीलं तपासायच्या नोकरीतून तो रिटायर झाला, पण तपासायची खोड गेली नाही आणि बोलायची तर मुळीच नाही. माणूस उंचापुरा, आवाज खणखणीत. गोष्ट सांगायला बसला की समोरच्याच्या चहावर साय धरायची. मुलगा प्रितेश पावण्याला वेल्डिंगचं वर्कशॉप चालवायचा, मंडळाचे गुरं उभी करायचे खोडे आणि मांडवाचे पाइप त्याच्याकडे. सून रुतिका बी. कॉम., मंडळाचा लॅपटॉप तिच्याकडे. घरातलं एक माणूस सुटलं नव्हतं. प्रितेश म्हणायचा, "आमच्या घरान जन्माला आला तो मंडळाचा मेंबर, मरतो तवाच सुटतो."

आणि या सगळ्याचा जीव होता वंशवहीत. एकूण पाच जाडजूड वह्या, लाल कापडात बांधलेल्या. कुठल्या गाईची आई कोण, बाप कोण, शिंग कसं, रंग कसा, आणि खांद्यापर्यंत उंची किती. उंची वितीनं. खुरापासून खांद्यापर्यंत वीत टाकत जायचं, जसं आजे-पणजे करायचे. स्थापनेच्या सभेत नियमच झाला होता: पाच वीत आणि वर ती गाय अव्वल, त्याखाली दुय्यम. माप अध्यक्षांच्या वितीनं. अव्वल गाईचा पाडा वळू म्हणून राखायचा आणि दुय्यम गाईचा खच्ची करायचा. एकशे बारा घरांनी हा नियम सव्वीस वर्षं निमूट पाळला. आपल्याकडे एवढं कोण पाळतं कुणाचं?

आता त्या वहीची परीक्षा होती. रविवारी मंडळाच्या मेळाव्याला सरकारी पैदास योजनेच्या डॉक्टर येणार होत्या, डॉ. जागृती. वहीतली मापं खरी निघाली, तर कपिलेच्या वळूंची पुढची सगळी निवड त्या वहीवरून होणार. खोटी निघाली, तर वही बाद आणि सगळं शून्यापासून. सव्वीस वर्षं रद्दीच्या भावात. मात्र योजनेला मापं सेंटीमीटरमध्ये हवी होती, म्हणून रुतिका आठवडाभर ऑफिसचं काम घरूनच करत होती आणि उरलेल्या वेळात वह्या लॅपटॉपवर चढवत होती.

गुरुवारी दुपारी ती वही घेऊन पडवीत आली. शांती चांदणीला पेंढा टाकत होती.

"आई, गाय म्हातारी झाली की खुजी होते का ओ?"

"गाय काय सासू हाय का वाकायला? का गो?"

"ही हिरा बघा. वेणूबाईंच्या घरी होती तेव्हा पावणेसहा वीत. दोन वर्षांनी त्यांनी ती पनवेलच्या बंगलेवाल्याला दिली. तिथे मोजली तर फक्त पाच. मोठ्या घरी गेली आणि पाऊण वीत कमी झाली! मला वाटलं माझी एन्ट्री चुकली. मग अजून चार सापडल्या अशाच. मला टेन्शन आलंय, आई."

शांतीच्या हातातला पेंढा हातातच राहिला. चांदणीनं मान लांब करून तो ओढून घेतला तरी तिला कळलं नाही. कारण तिला एका क्षणात सगळं दिसलं होतं. हिराला वेणूबाईच्या खोपटात मोजलं होतं ते तिनं, शांतीनं. बंगल्यावर मोजलं होतं ते बाळारामनं.

कसं झालं होतं, ऐका. पहिल्या वर्षी बाळाराम स्वतः वाकून मोजायचा, शांती लिहायची. पण कुठल्याही घरी गेलं की यजमान खुर्ची टाकणार, "या अध्यक्षसाहेब" म्हणणार, आणि बाळाराम बसला की बसला. गाय बिचारी खोड्यात उभी राहून कंटाळायची. शिवाय त्याच्या आवाजानं ती बिचकायची ते वेगळंच. मग एकदा शांतीनं पदर खोचला, गाईच्या पोटाशी बसली आणि ओरडली, "पाच न पाव!" बाळारामनं खुर्चीतूनच वहीत लिहिलं. तेव्हापासून तोच रिवाज पडला. साध्या घरी शांती मोजायची, बाळाराम लिहायचा. मानाच्या घरी मात्र अध्यक्षांनी स्वतः हात लावला पाहिजे, नाहीतर त्या माणसाचा अपमान. तिथे बाळाराम मोजायचा आणि शांती लिहायची. दाखल्यावर खाली सही एकच: मोजले, बाळाराम मढवी. आणि सव्वीस वर्षांत दोघांपैकी एकालाही सुचलं नाही, की नवऱ्याचा हात आणि बायकोचा हात एक नसतो. संसार एक म्हणून वीतही एकच धरून चालले दोघं!

ती आत गेली. बाळाराम सोफ्यावर आडवा, हात छातीवर, घोरणं चालू. तिनं शिलाई मशीनच्या डब्यातून टेप काढला, त्याचा पंजा अलगद उचलून पसरला आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मापला. बावीस. मग आपला हात सोफ्याच्या दांडीवर पसरला. एकोणीस.

"काय गो," डोळे न उघडता बाळाराम म्हणाला, "मना अंगठी करतस का?"

"उठा," शांती म्हणाली. "तुमचं न माजं तीन सेंटीमीटरचं भांडन हाय."

तिनं सांगितलं. आधी तो हसला. मग उठून बसला. मग टेप स्वतःच्या हातानं पुन्हा लावून पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. बोलघेवडा माणूस गप्प झाला की घर कसं ओळखीचं वाटत नाही.

"म्हंजे ज्यांची गुरं मी मोजली..."

"ती कमी भरली. न मी मोजली ती जास्त. तुमच्या पाच वितीला एकशे दहा लागतात, माज्या पाचाला पंच्यान्नवच."

"गोटीरामची पवळी," बाळाराम हळूच म्हणाला.

शांतीच्या मनात तेच नाव होतं. पावण्याचा गोटीराम, अकरा गाईंचा धनी, मंडळातला सगळ्यात तापट आणि सगळ्यात प्रामाणिक सभासद. मानाचा माणूस, म्हणून त्याची गुरं बाळारामनं कधी कुणाला मोजू दिली नाहीत. त्याची पवळी म्हणजे बघत राहावी अशी गाय. पण वीत टाकली की दरवेळी पावणेपाच! पाव वितीनं दुय्यम. नियम म्हणजे नियम म्हणून गोटीरामनं तिचा पाडा, कान्हा, स्वतः नेऊन खच्ची केला. त्या दिवशी तो घरी जेवला नाही असं त्याच्या बायकोनं शांतीला सांगितलं होतं. आणि त्या वर्षी मंडळानं वळू म्हणून राखला तो कोण? सोन्या. चांदणीचा पाडा. शांतीच्या स्वतःच्या गोठ्यातला! चांदणीला मोजलं होतं शांतीनं, बरोबर पाच वीत.

"कुनाला काय बोलू नको," बाळाराम उठून येरझाऱ्या घालायला लागला. "रुतिकाला सांग, सगळ्याला बावीसनं गुनून टाक. कोन बगतंय?"

"डॉक्टरीन मापाची काठी लावेल तवा?"

"तवाचं तवा बगू. अगो, हात दाखवून अवलक्षन कनाला? लोक काय म्हनतील? घरचा वळू ठेवायसाठी मढव्यांनी मापं मारली! सव्वीस वर्सं मान मिलवला तो एका दिसान जाईल."

"मान जाईल म्हनून गोटीरामला फसवायचा?"

"तुजं काय जातं बोलायला? सही माजी हाय सगल्या दाखल्यांवर!"

हे मात्र शांतीला झोंबलं. असं झोंबलं, की डोळ्यांत पाणीच आलं. उन्हातान्हात, पोटात लाथा खात, शेणात गुडघे टेकून ती मोजत आली होती. एका पावसाळ्यात करंगळी मोडली तरी डाव्या हातानं मोजत राहिली होती. हार-तुरे, शाल, फोटो सगळं बाळारामचं, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. आज वाटलं.

"सही तुमची," ती म्हणाली, "पन हात माजा व्हता. तो मी झाकनार नाय."

"मग बोल तूच रविवारी. मी येनार नाय!"

"नका येऊ," शांती म्हणाली आणि टेप गुंडाळून डब्यात ठेवला.

संध्याकाळी तिनं रुतिकाला समोर बसवून सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. "पण आई, साडेसहाशे गाई आहेत वहीत. अर्ध्याअधिक तर आता जिवंत नाहीत. कुठली तुम्ही मोजली, कुठली बाबांनी, ते कसं कळणार? डेटा गेलाच ना आपला!"

शांतीनं पहिली वही उघडली, मधलंच एक पान काढलं आणि सुनेपुढे सरकवलं. "अक्षर बग."

रुतिकानं पाहिलं. एक ओळ ऐसपैस, उजवीकडे कललेली, बाळारामची. खालची ओळ बारीक, मण्यांसारखी, शांतीची.

"जो मोजतो त्याचे हात शेनाचे असतात, तो वहीला हात लावत नाय," शांती म्हणाली. "जिथं बाबांचं अक्षर, तिथं वीत माजी. जिथं माजं अक्षर, तिथं वीत त्यांची. कवा चुकलं नाय ते. घाल आता तुज्या लॅपटॉपान."

रुतिकानं सासूकडे एकदा बघितलं, मग पानाकडे, आणि "आई, तुम्ही ग्रेट आहात" असं काहीतरी पुटपुटत ती खुर्ची ओढून बसली. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोघींनी पाचही वह्या उलटून काढल्या. शांती अक्षर ओळखायची, रुतिका एकोणीसनं नाहीतर बावीसनं गुणायची. हिरा वेणूबाईकडे एकशे नऊ निघाली, बंगल्यावर एकशे दहा. गाय जराही खुजी झाली नव्हती. बाळाराम आतबाहेर करत होता, तोंड फुगवून.

रविवारी सकाळी शाळेमागचं मैदान नुसतं हंबरत होतं. फुटबॉलच्या गोलपोस्टला गाई, कंपाउंडच्या जाळीला गाई, टेम्पोच्या मागच्या फळकुटाला गाई. समोरच्या टॉवरमधली माणसं बाल्कनीत येऊन फोटो काढत होती. डॉ. जागृतींना नाक्यापासून सजवलेल्या गाडीतून आणलं, आणि गाडीला बैल कुणाचे? गोटीरामचे. उजवीकडे कान्हा. तांबूस, रुंद छातीचा, चालताना जमीन दाबत चालणारा. डॉक्टरीणबाई खाली उतरून त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "हा खच्ची का केला हो? वळू म्हणून सोनं होतं!"

गोटीरामनं मिशीवरून हात फिरवला. "आई पाव वितीनं कमी भरली, मॅडम. नियम हाय आमचा."

शांतीनं ते ऐकलं. बाळाराम आला नव्हता. खुर्ची रिकामी होती आणि सगळे एकमेकांना विचारत होते, अध्यक्ष कुठं? शांती उठली आणि माइककडे गेली. हा माइक तिनं सव्वीस वर्षांत फक्त पुसला होता.

"मी शांती. अध्यक्षांची बायको," ती म्हणाली. "वही तपासायच्या आधी एक सांगायचं हाय. वहीतली सगली मापं अध्यक्षांची नायत. निम्म्यापेक्षा जास्त माजी हायत. न माजा हात हा एवरा हाय." तिनं पंजा वर करून पसरला. "त्यांच्यापेक्षा तीन सेंटीमीटरनं लहान."

मग तिनं सगळं सांगितलं, काही न गाळता. कुणाचा जास्त फायदा झाला, कुणाचं नुकसान. चांदणीचं नाव घेतलं, सोन्याचं घेतलं. शेवटी पवळीचं घेतलं.

गोटीराम उठला. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता.

"म्हंजे वहिनी, माजी पवळी तुमच्या हातानं..."

"साडेपाच भरली असती."

"न तुमची चांदनी दादांच्या हातानं?"

"सवाचार. दुय्यम."

"मग तुमचा सोन्या राहिला, न माजा कान्हा मी माज्या हातानं नेऊन..." त्यानं डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर आपटली. "मी मानाचा मानूस म्हनून ना? तुमी मान दिलात न माजा वंश बुडवलात! कुटं हाय अध्यक्ष? पुढं या म्हनावं!"

"हाय इथंच," मांडवाच्या मागून आवाज आला.

बाळाराम केव्हा येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. तो पुढे आला. पहिल्यांदाच त्याला माइकची गरज पडली.

"गोटीराम, पवळी मी मोजली, चांदनी तिनं, पन सही दोनी दाखल्यांवर माजीच," तो म्हणाला. "मना गुरवारी कललं, तवा मी झाकायला निघालो व्हतो. तिनं झाकू दिलं नाय. चूक दोगांची, पन जाब सही करनाऱ्याला इचारायचा असतो. मना इचार."

शांती त्याच्याकडे बघतच राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला हजार भाषणं करताना ऐकलं होतं, त्यांतलं हे सगळ्यात लहान होतं. राग होता तो कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात डॉ. जागृती उठल्या. "जाब नंतर विचारा," त्या म्हणाल्या. "आधी मला वही बघू दे. चूक झाली हे कळलं. ती दुरुस्त झालीय का, ते काठी सांगेल. आमची किमान उंची शंभर सेंटीमीटर. इथे आणलेल्या गाईंच्या नावांच्या दहा चिठ्ठ्या काढते."

"पैली काठी माज्या चांदनीला लावा," शांती म्हणाली. "चिठ्ठ्या मागनं."

चांदणी पुढे आणली. रुतिकानं वाचलं, "पाच वीत. अक्षर बाबांचं, म्हणजे वीत आईंची. पंच्याण्णव." डॉक्टरांनी काठी उभी केली, आडवी पट्टी खांद्याला टेकवली. "पंच्याण्णव आणि अर्धा."

मढव्यांची चांदणी दुय्यम! लोकांत कुजबुज झाली. शांतीनं तिच्या मानेवर थाप मारली आणि दावं प्रितेशच्या हातात दिलं. मग चिठ्ठ्या निघायला लागल्या. उरणची एक, पेणच्या दोन, शिरवण्याच्या तीन. रुतिका आकडा आधी सांगायची, काठी मागून. एकशे चार, एकशे तीन. नव्व्याण्णव, नव्व्याण्णव. एकशे नऊ, एकशे आठ. चौथ्या गाईनंतर लोक खुर्च्या सोडून काठीभोवती गोळा झाले. सातव्या गाईनंतर रुतिकानं आकडा सांगितला की पोरंसोरं "येस!" म्हणून ओरडायला लागली. नऊ झाल्या. एकाही गाईत दोन सेंटीमीटरच्या वर फरक नव्हता.

दहावी चिठ्ठी डॉक्टरांनी उघडली आणि वाचली, "पवळी. पावणे."

पंधरा वर्षांची म्हातारी पवळी गोटीराम स्वतः धरून घेऊन आला. रुतिकानं ओळीवर बोट ठेवलं. "पावणेपाच वीत. अक्षर आईंचं, वीत बाबांची. एकशे साडेचार."

काठी उभी राहिली. पट्टी खाली आली.

"एकशे चार," डॉ. जागृती म्हणाल्या. "उत्तम गाय आहे हो ही." मग त्या शांतीकडे वळल्या. "मावशी, मापात चुकणारी माणसं मी ढिगानं पाहिली. पण सव्वीस वर्षं न चुकता एकसारखं चुकणारी तुम्हीच! अशी चूक सुधारता येते. वही राहील."

टाळ्या पडल्या, कुणीतरी ताशा बडवला, वेणूबाईनं बोटं मोडून शांतीची दृष्ट काढली. वही वाचली होती. पण शांतीचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. ती गोटीरामकडे बघत होती. तो पवळीला घेऊन गर्दीतून बाहेर पडला होता आणि गाडीपाशी, कान्हाच्या शेजारी, पाठमोरा उभा होता. एकशे चारचा आकडा आता त्याच्या काय कामाचा? कान्हा काही पुन्हा वळू होणार नव्हता.

ती त्याच्याकडे गेली. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानं थांबवलं.

"बोलू नका वहिनी. आता बोललात तर मी रडंन, न मना इथं रडायचं नाय." मग कान्हाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "तुमी सांगितलं नसतंत तर मना कललंच नसतं. मरेपरत मी पवळीला बुटकीच म्हनत राहिलो असतो."

"म्हनूनच सांगितलं."

तो टेम्पोकडे गेला आणि एक गाय उतरवली, तांबडी, पवळीची लेक. मागोमाग आठ महिन्यांचा पाडा उड्या मारत उतरला. तांबूस रंग, रुंद छाती. गोटीराम दोघांना घेऊन सरळ काठीपाशी आला आणि सगळ्यांसमोर उभा राहिला.

"ही तांबडी. दोन वर्सांमागं दादांनी मोजली, पावनेपाच. दुय्यम. हा तिचा पाडा. उद्या सकालला याला खच्ची करायला न्यायचा हाय, डॉक्टर सांगून ठेवलाय." त्यानं शांतीकडे पाहिलं. "मोजा वहिनी. आज तुमी मोजा, न हातानं मोजा. काठी मागनं लावा."

शांतीनं पदर खोचला. तांबडीच्या पायाशी गुडघे टेकले. गाय हलली नाही, तिला हा हात ओळखीचा नव्हता तरी. खुरापासून अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. खांद्यापाशी ती थांबली आणि सवयीनं ओरडली, "साडेपाच!"

आणि मागून, तितक्याच सवयीनं, बाळारामचा आवाज आला. "साडेपाच. लिवलं."

लोक हसले. गोटीरामही हसला, ओल्या डोळ्यांनी. डॉक्टरांनी काठी लावली, एकशे चार.

"मग काय करू पाड्याचं?" गोटीरामनं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, पण ते त्याला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"ठेव," शांती म्हणाली. "मंडळाचा वळू म्हनून ठेव."

बाळाराम नवी वही मांडीवर घेऊन बसला होता. "नाव काय लिवू रे?"

गोटीरामनं पाड्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडीला जुंपलेल्या त्या थोरल्या बैलाकडे एकदा बघितलं.

"कान्हा," तो म्हणाला.

बाळारामनं लिहिलं. डॉ. जागृतींनी योजनेचा फॉर्म काढला आणि भरायला घेतला. "मावशी, मोजणाऱ्याचं नाव आणि पद लागेल. मंडळात तुम्ही काय करता?"

रुतिका चहाचा ट्रे घेऊन जवळच उभी होती. शांतीनं हाताचं शेण गवताला पुसलं.

"मी मोजते," ती म्हणाली.